शाळा सुटल्यावरचा निसर्गवर्ग : कोपरा, बांगडी आणि कढीपत्त्यावरची अळी

पुण्यात एका सोसायटीच्या मागच्या अंगणात आणि तिला लागून असलेल्या शाळेच्या मैदानाच्या कडेला मी आठवड्यातून दोन दिवस मुलांचा निसर्गवर्ग घेते. वेळ संध्याकाळी साडेचार ते सहा, तिसरी ते सातवीची पोरं, साधारण अठरा-वीस. मेसेज येत असतात की ताई आम्हालाही आमच्याकडे सुरू करायचंय, काय काय लागतं, मुलांना जंगलात कधी नेता वगैरे. जंगलात नेतच नाही म्हटलं की समोरचा जरा खट्टू होतो. तर एकदाच सगळं लिहून काढतेय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक दिली की काम झालं.

माझं म्हणणं आधीच सांगते. सहली काढू नका. एकच जागा धरा आणि तीच वर्षभर बघा. सहलीत मुलं बसमध्ये अंताक्षरी खेळतात, वेफर्स खातात, कुणीतरी दादा पुढे उभा राहून पंधरा झाडांची नावं सांगतो आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं एकही डोक्यात राहत नाही. तेच एक कढीपत्त्याचं झाड वर्षात साठ वेळा बघितलेलं पोर मात्र त्या झाडाबद्दल तुम्हालाच सांगायला लागतं.

पायरी १ : जागा बघा, आणि जरा गबाळीच बघा

सुंदर लॉन, पेव्हर ब्लॉक आणि कापून गोल केलेली झुडपं असली जागा आपल्या काही कामाची नाही. आपल्याला हवं एक मोठं जुनं झाड (वड, पिंपळ, उंबर, आंबा, रेन ट्री, काहीही चालेल), थोडी मोकळी माती, जिथे कुणी झाडत नाही आणि तण वाढतं असा एक कोपरा, आणि हात धुवायला नळ. एवढं बहुतेक शाळांच्या मागे सापडतंच, पार्किंग आणि कंपाउंडच्या मध्ये.

जागा ठरली की मुख्याध्यापक किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या आधी माळीकाकांना भेटा. खरंच. परवानगीचा कागद लागतोच, तो घ्या, पण कोपरा जिवंत ठेवणं माळीकाकांच्या हातात असतं. आमच्या पहिल्या वर्षी तीन महिने जपलेला कोपरा एका सोमवारी बघितला तर साफ. पालापाचोळा गोळा करून जाळलेला, राखेचा गोल डाग तेवढा उरलेला. कुणाचं चुकलं म्हणायचं, स्वच्छता मोहीम होती आणि आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मुलांच्याच अक्षरात एक पाटी लावलीय, 'इथे आमचे किडे राहतात, झाडू नये', आणि काकांना दर दिवाळीला फराळाचा डबा जातो.

पायरी २ : सामान

फार लागत नाही. भिंगं घ्या, प्लास्टिकची साधी चालतात, आमच्याकडे अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीवाल्याकडून आणलेली आहेत, दोन मुलांत एक पुरतं (प्रत्येकाला दिलं की त्याने कागद जाळायचे प्रयोग सुरू होतात). श्रीखंडाचे रिकामे डबे, चहाची गाळणी, पांढरी ताटली किंवा ट्रे, मऊ ब्रश, सुतळी, मेजरिंग टेप, एक जुनी छत्री आणि प्रत्येकाला कोऱ्या पानांची वही. छत्री कशाला? उलटी करून झुडपाखाली धरायची आणि फांदी दोनदा हलवायची. कोळी, ढेकण्या, नाकतोडे, टोळाची पिल्लं, जे काय पडेल ते छत्रीत. फिकट रंगाची छत्री असेल तर उत्तम, काळ्या छत्रीत काही दिसत नाही. बघून झालं की छत्री त्याच झुडपावर परत उलटी करायची, हा नियम पहिल्या दिवसापासून.

पायरी ३ : आधी खायला द्या

ही पायरी सगळे विसरतात. पोर सकाळी सातला घरातून निघालेलं असतं, शाळा, मग बस, आणि आपण साडेचारला त्याला सांगतो की शांत उभा राहून पक्ष्याचा आवाज ऐक. ते कसं ऐकणार, पोटात कावळे ओरडतायत. पहिली दहा मिनिटं केळी, शेंगदाण्याची चिक्की, भडंग, जे जमेल ते. केळ्याच्या साली तिथेच कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकायच्या, थोडी माती वर टाकायची आणि पुढच्या आठवड्यात उकरून बघायचं की काय झालं. म्हणजे खाऊतच कंपोस्टचा धडा होऊन जातो, वेगळं काही करावं लागत नाही.

खाली सांडलेला भडंगही कामाला येतो. मुंग्या पाचेक मिनिटांत येतात. एका ताटलीत साखर, मीठ, शेंगदाण्याचा चुरा आणि भिजवलेली पोळी असे चार ढीग ठेवा आणि आधी मुलांना लिहायला लावा की मुंग्या कुठे जास्त जातील. मग वाट बघा. रांग लागली की रांगेवरून ओलं बोट आडवं फिरवा. मुंग्या तिथे येऊन गोंधळतात, मागे फिरतात, इकडेतिकडे हुंगतात, कारण त्या वासाच्या रस्त्यावरून चालत असतात आणि तो रस्ता आपण पुसलेला असतो. हे मी कधीच आधी सांगत नाही. एखादं पोर बरोबर विचारतं की ताई त्यांना दिसत नाही का, आणि मग पुढचा अर्धा तास त्यातच जातो. जाऊ दे.

पायरी ४ : पहिले तीन-चार दिवस नुसती बांगडी

प्रत्येकाला एक बांगडी द्या, मोठ्या मापाची. जमिनीवर कुठेही ठेवायची आणि दहा मिनिटं त्या गोलात काय काय आहे ते वहीत लिहायचं किंवा काढायचं. पहिल्या मिनिटाला सगळे ओरडतात, ताई इथे काहीच नाहीये. तिसऱ्या मिनिटाला एक मुंगी, पाचव्या मिनिटाला गवताचे दोन वेगळे प्रकार, आठव्या मिनिटाला काहीतरी हललेलं. संपूर्ण मैदान बघा म्हटलं तर मुलं पळत सुटतात, बांगडीएवढं बघ म्हटलं की बसतात.

नावं अजिबात सांगू नका. मला हे जमायला एक वर्ष लागलं कारण आपल्याला माहीत असलं की तोंडातून निघतंच. मुलांनाच नाव ठेवू द्या. आमच्याकडे साळुंकीचं नाव 'पिवळा चष्मा' होतं कारण तिच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते, आणि खारीचं नाव का कोण जाणे 'कुलकर्णी मॅडम'. महिन्याभराने खरं नाव सांगितलं की ते चिकटतं, कारण तोवर त्या पक्ष्याची ओळख झालेली असते.

'ई' आणि 'शी' चालू राहणारच. मातीत हात घालायला दोन-तीन मुलं तरी तयार नसतात. त्यांना जबरदस्ती नको, त्यांना ट्रे धरायचं काम द्या, भिंग धरायचं काम द्या. दुसऱ्या महिन्यात गांडूळ तळहातावर घेऊन हीच मुलं दुसऱ्यांच्या मागे लागतात. बुटांना चिखल लागला म्हणून आयांचे फोन येतात, त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की जुनी चप्पल नाही तर गमबूट आणि एक फाटका टीशर्ट दप्तरात असू द्या.

पायरी ५ : अळी पाळा

एवढी एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड शोधा, कुंडीतलंही चालेल. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्याच्या कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळे गोल मणी दिसतात. ती लिंबाळी फुलपाखराची अंडी. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि बहुतेक वेळा पहिलं जेवण स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचं करते. लहान अळी काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, म्हणजे पक्षी बघून पुढे जातो. मुलंही पुढे जातात, मग दाखवलं की विश्वास बसत नाही. मोठी झाली की तीच अळी हिरवीगार होते. ब्रशने हळूच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि आंबट उग्र वास सोडते. हा वास आमच्या पोरांचा सर्वात आवडता क्षण आहे, पण एका अळीला दिवसातून एकदाच हा त्रास द्यायचा असं ठरवून टाका, नाहीतर वीस जण वीस वेळा टोचतील.

आता कसं पाळायचं. मोठा पारदर्शक डबा, वर झाकणाऐवजी मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने. आत कढीपत्त्याची डहाळी एका छोट्या बाटलीत पाणी घालून उभी करायची आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करायचं, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. तळाला कागद, रोज बदलायचा, कारण अळीचं काम एकच, खाणं आणि दुसऱ्या बाजूने टाकणं. एका डब्यात दोन-तीनपेक्षा जास्त नकोत.

आणि कढीपत्ता मंडईतून आणायचा नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण माझ्या हातून झालंय. दुसऱ्या वर्षी झाडाची पानं संपली म्हणून मी भाजीबरोबर आलेली जुडी धुऊन आत टाकली, संध्याकाळी सात अळ्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी एकही हलत नव्हती. त्या पानांवर फवारणी झालेली असणार, धुऊन ती जात नाही. चौथीतली एक मुलगी माझ्याशी दोन वर्ग बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. फवारणी न केलेलं, ओळखीच्या घरचं झाड बघून ठेवा, आणि झाडावर पानं किती आहेत ते बघूनच अळ्या घ्या.

साधारण दोन आठवड्यांनी अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि डबाभर फिरायला लागते. मुलांना वाटतं आजारी पडली. तसं काही नसतं, ती जागा शोधत असते. एक उभी काडी आत असू द्या. काडीला शेपटीकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घालून टेलिफोनच्या खांबावर चढलेल्या लाइनमनसारखी मागे रेलते आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोश असतो. कधी हिरवा, कधी तपकिरी. आठ-दहा दिवस काही घडत नाही, थंडीत जास्तच लागतात, आणि मग आदल्या दिवशी कोशातून पंखांची नक्षी दिसायला लागते.

इथे आपल्या संध्याकाळच्या वर्गाची एक अडचण येते. फुलपाखरू बहुतेक सकाळी बाहेर येतं आणि आपण येतो साडेचारला. म्हणून कोश गडद झाला की डबा कुणाच्या तरी घरी पाठवायचा, नंबर लावून. त्या घरातली आई, आजोबा, शेजारचं बाळ असे सगळे पायजम्यावर डब्याभोवती बसलेले फोटो ग्रुपवर येतात. चुरगळलेले पंख पसरायला काही मिनिटं लागतात, वाळून उडायला तास-दोन तास. तोवर हात लावायचा नाही. पंख पसरायला वर मोकळी जागा हवी, डबा अरुंद असेल तर पंख वाकडेच वाळतात.

कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. बाहेरून आणलेल्या अळीच्या अंगात त्यांची अंडी आधीच घातलेली असतात. मुलं रडतात. लपवू नका. आमच्या एका सातवीतल्या मुलाने वहीत लिहिलं होतं, 'आज आपल्याकडे बारसं दुसऱ्यांचंच झालं.'

पायरी ६ : उंबर फोडा

उंबर फोडून केंबरं काढू नयेत अशी म्हण आहे, आपण मुद्दाम काढायची. खाली पडलेली लाल उंबरं नकोत, झाडावरची रंग बदलायला लागलेली दोन-तीन घ्या, पांढऱ्या ताटलीत ठेवून बोटांनीच अर्धी करा. आतून बारीक काळे कीटक बाहेर यायला लागतात, थोडं थांबलं की उडूनही जातात. मग भिंगाने आतली भिंत बघायची. ती शेकडो फुलांनी भरलेली असते. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते याचसाठी, फुलं सगळी आतल्या बाजूला. मादी कीटक टोकाच्या एवढ्याशा भोकातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, आत परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. नर तर पंखांशिवायच जन्मतात आणि बाहेरचं जग बघतच नाहीत. वड-पिंपळाचंही हेच, फक्त प्रत्येकाचा कीटक वेगळा. यानंतर काही मुलं उंबर आणि अंजीर खायचं सोडतात, काही मुद्दाम जास्त खातात.

पायरी ७ : एक मूल, एक झाड, एक वही

प्रत्येकाने एक झाड निवडायचं, वर्षभर तेच. दर आठवड्याला वहीत पाच ओळी : तारीख-वेळ, हवा कशी होती, झाडावर काय नवीन, झाडावर कोण आलं होतं, आणि मला पडलेला एक प्रश्न. शुद्धलेखन तपासायचं नाही, लाल पेन आणायचंच नाही. पाचवी ओळ सर्वात महत्त्वाची. 'झाडाला झोप येते का' हा प्रश्न एका मुलीने रेन ट्रीखाली बसून लिहिला होता, कारण संध्याकाळी त्याची पानं मिटतात आणि आपण नेमके त्याच वेळी तिथे असतो. संध्याकाळच्या वर्गाचा हा फायदा आहे, साळुंक्यांचा झोपण्याआधीचा कलकलाट, वटवाघळांचं बाहेर पडणं, हे सकाळच्या सहलीला मिळत नाही.

मोठ्या मुलांना झाडाची उंची काढू द्या. एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा, लगेच झाडाची सावली मोजा. काठीची सावली २ मीटर आणि झाडाची १८ मीटर, तर झाड ९ मीटर. फळ्यावरचं गुणोत्तर ज्याला कळत नव्हतं त्याला सुतळी धरून पळताना कळलेलं मी बघितलंय. पावसाचंही तसंच. सरळ भिंतींच्या सपाट बुडाच्या बरणीवर पट्टी चिकटवून गच्चीत ठेवा. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गच्ची ३०० चौरस मीटर आणि पाऊस २० मिलीमीटर, तर ६००० लिटर. आमच्याकडे येणारा टँकर १०००० लिटरचा असतो, त्यामुळे मुलांनी दोन पावसात एक टँकर वाहून गेला असा हिशोब करून सेक्रेटरींना पत्र दिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

पायरी ८ : कधी काय

अभ्यासक्रम छापून घेऊ नका, आपले सण बघा, बरंचसं आपोआप बसतं. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर गोगलगायी (मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी उघड्या हाताने धरायच्या नाहीत, जंत असू शकतात), आणि मोकळी माती असेल तर नशिबाने मखमली लाल मृगाचा किडा. गणपतीच्या आधी पत्री शोधायची, तोडायची नाही, नुसती शोधायची. आघाडा, दूर्वा, माका, रुई, धोत्रा हे रस्त्याच्या कडेलाच सापडतं आणि घरी पूजेला लागतं म्हणून आज्ज्या खूष. दसऱ्याला बाजारातून 'सोनं' आणायला सांगा आणि खऱ्या आपट्याच्या पानाशेजारी ठेवा. पुष्कळदा ते कांचनाचं निघतं : मोठं, पातळ, खाच जास्त खोल. आपटा छोटा, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. थंडीत पाहुणे पक्षी, करडा धोबी शेपटी वरखाली करत मैदानाच्या ओल्या कडेला दिसतो. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस, आणि त्याच महिन्यात चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, पंधरा मिनिटं पक्षी मोजून ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकायचे, जगभरातले लोक तेच करत असतात म्हटल्यावर पोरांना चेव येतो. पाडव्याच्या सुमाराला कडुनिंबाचा मोहोर आणि पिंपळाची तांबूस पालवी.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकाशी जोडायचं असेल तर नंतर जोडा. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून, हे पाठ केलेलं असतंच, पण त्याची अळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते हे कळलं की कुंडीतल्या लिंबाकडे मुलं वेगळ्याच नजरेने बघतात.

सीड बॉलबद्दल (मातीत बिया घालून वळलेले गोळे) सारखं विचारतात. मी घेत नाही. फोटो छान येतात, पण टाकलेल्या बियांचं पुढे काय झालं हे बघायला कुणी जात नाही. त्यापेक्षा बहाव्याच्या दहा बिया पॉलिश पेपरवर घासून आणि दहा तशाच, अशा दोन ट्रेमध्ये लावा आणि कुठल्या आधी उगवतात ते मोजा.

पायरी ९ : काय धोकादायक आहे

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, कमी नाही. पालकांकडून ॲलर्जीचं लेखी घ्या, विशेषतः माशीच्या डंखाचं. वर्गाआधी स्वतः एक फेरी मारून आग्यामोहोळ आणि गांधीलमाश्यांची पोळी बघा, असतील तर त्या बाजूला जायचंच नाही. केसाळ सुरवंट, रुईचा चीक (डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टर), धोत्र्याची फळं, खाजकुइलीच्या शेंगा, हे पहिल्याच आठवड्यात लांबून दाखवून ठेवा. काहीही तोंडात नाही, कुठल्याही बिळात हात नाही, दगड उचलायचा तर आपल्या बाजूची कड वर करायची नाही, पलीकडची कड आपल्याकडे ओढून उघडायचा, म्हणजे आत जे असेल ते समोरून निघून जातं. साप दिसला तर जागेवर थांबायचं, हळू मागे यायचं, मोठ्यांना सांगायचं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आणि ॲम्ब्युलन्स १०८ वहीच्या कव्हरवर लिहून घ्या. पक्ष्यांची अंडी, घरटी घरी न्यायची नाहीत, रिकामं वाटलं तरी. आपल्याकडचा पोपट पाळणं बेकायदा आहे, आणि हे सांगितलं की वर्गातल्या कुणाच्या तरी मामाकडे पिंजरा असतोच, तेव्हा जरा सांभाळून सांगा.

मोबाइल मुलांच्या हातात नको. मर्लिन ॲपवर पक्ष्याचा आवाज ओळखता येतो आणि ते फुकट आहे, पण ते तुम्ही घरी वापरा. आयनॅचरलिस्टचं (इथे फोटो टाकला की लोक नाव ओळखून सांगतात) खातं तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय काढताही येत नाही, तुमच्या खात्यावर फोटो टाका आणि उत्तर पुढच्या वर्गात सांगा. तीन दिवस उत्तराची वाट बघण्यात मजा आहे.

मेच्या सुट्टीत वर्ग बंद असतो आणि तेव्हाच सगळं कोरडं पडतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मातीच्या पसरट ताटल्या आणून गच्चीत ठेवा, पाणी दोन बोटं, मध्ये एक-दोन दगड म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. रोज पाणी ओतून, घासून, ताजं भरायचं, नाहीतर डास होतात. कुठल्या आठवड्यात कोण गावाला जातंय त्याचं कोष्टक मुलांकडूनच करून घ्या. आणि गच्चीची चावी सुट्टीत कुणाकडे असते ते आत्ताच विचारून ठेवा, आम्ही एक वर्ष विसरलो होतो.